रस्ता बंद होता त्या वर्षीच्या कुरडया

एक वर्ष सोडलं तर आमच्या घरच्या कुरडया कधी पांढऱ्या झाल्या नाहीत. आळेफाट्यावर रस्त्याला लागून माझं ट्रकच्या टायरचं दुकान, दुकानावर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. पुणे-नाशिक आणि नगर-कल्याण हे दोन रस्ते जिथं एकमेकांना कापतात, तिथून हाकेच्या अंतरावर. दिवसरात्र गाड्या. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात बायकोनं हौसेनं गच्चीवर कुरडया घातल्या. तिसऱ्या दिवशी गोळा करायला गेली तर प्रत्येक कुरडईवर बारीक काळी भुकटी बसलेली. धुता येत नाही, पुसता येत नाही. तशाच तळल्या. मी ताटातली एक उचलून म्हणालो, "हे काय, टायर तळलास काय?" सगळे हसले, तीसुद्धा हसली. पण दुसऱ्या वर्षापासून ती वाळवणाला माहेरी जायला लागली.

तिचं माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याला. चैत्रात आठ दिवस जायची, भावजयीबरोबर कुरडया, पापड, सांडगे करायची आणि पत्र्याचा डबा गच्च भरून आणायची. लहानपणी ती डोंगराच्या पायऱ्या पळत चढायची म्हणे, तीनशेच्या वर पायऱ्या, आणि वर जाऊन गणपतीसमोर धापा टाकायच्या नाहीत अशी पोरींची पैज असायची. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी म्हणायचो, "पुरे की आता, पाठ झालं."

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास बायकोला दमा जडला. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या. नवव्या पायरीवर ती भिंतीला टेकून उभी राहायची, मग पुढं. दम्याचा पंप कायम कमरेला खोचलेला. पण माहेरी गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप कुठं ठेवला ते तिला आठवायचं नाही. आता हे वाचणारा कोणीही म्हणेल, अहो शहाणे, एवढं कळलं नाही का तुम्हाला? नाही कळलं! माझी आई म्हणायची, "हिचा दमा लई हुशार हाये. माहेरची वेस दिसली की पळतो." आणि मी, मोठा विनोदी माणूस, मी त्याला नाव ठेवलं होतं, सासरचा दमा. दुकानात बसलेल्या ड्रायव्हर लोकांना सांगून हसवायचो. वर खिडकीत ती असायची. तिला ऐकू जायचं.

मग ते कुलूप लागलं. सगळ्या देशाला लागलं, तसं फाट्यालाही लागलं. पहिले तीन दिवस लांबून आलेल्या काही गाड्या अडकून उभ्या होत्या, मग त्याही गेल्या. मला ती शांतता सहन होईना. पंचवीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात काढलेला माणूस मी, घरात बसून चिडचिड करायचो. चहा गोड झाला म्हणून चिडायचो, टीव्हीवर तेच तेच हिंदीतून सांगतात म्हणून चिडायचो. बायको मात्र दिवसातून चार वेळा गच्चीवर जायची. मी म्हणायचो, "काय ठेवलंय वर?" तर म्हणायची, "काय नाय, बघते."

पंधरा दिवस झाले असतील. सकाळी ती खाली पाणी भरायला गेली आणि हंडा घेऊन वर आली. मी दारात उभा होतो. ती माझ्या बाजूनं आत गेली, हंडा ठेवला आणि म्हणाली, "काय बघताय?" मी म्हटलं, "तू मधी थांबली न्हाईस." ती जिन्याकडं बघत राहिली. मग परत खाली गेली, परत चढून आली, नुसतीच. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मी ओरडलो, येडी का खुळी म्हणून. ती हसत होती, राव. तोंडावर पदर धरून पोरीसारखी हसत होती.

त्याच दिवशी तिनं मला गच्चीवर ओढून नेलं. पश्चिमेला डोंगर दिसत होते. तसे पावसाळ्यात धूसर दिसायचेच कधीतरी, पण हे वेगळं होतं, घड्या न् घड्या मोजता याव्यात असे. तिनं बोट केलं. "त्यो बघा, आमचा डोंगर." मी म्हटलं, "कशावरून? इथून लेण्याद्री दिसतो होय?" तर माझ्यावर खेकसली, "माझा डोंगर मला कळत न्हाई का?"

माहेरी जाता येणार नव्हतं, म्हणून त्या वर्षी तिनं घरीच चीक केला. मी म्हटलं, कशाला काळे करतेस गहू? ऐकेना. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, मिक्सरवर वाटले, पिळून चीक काढला. शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून लाकडी दांड्यानं ढवळायचं काम माझ्याकडं आणि गरम गरम सोऱ्या फिरवायचं कामही माझ्याकडं. "टायर खोलताय की, मंग ह्ये काय अवघड हाये?" म्हणाली. माझी आई खाली बसून सूचना देत होती आणि मी घाम पुसत कुरडया पाडत होतो. चौथ्या दिवशी त्या वाळल्या. पांढऱ्याशुभ्र. बायकोनं प्लास्टिकच्या कागदावरून बोट ओढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "बोट बघा." बोटाला काही नव्हतं. आमच्या घरात कुठंही बोट ओढलं की काळं व्हायचं, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की ते स्वच्छ बोट मला कुणा दुसऱ्याचं वाटलं.

तेवढं बोट डोळ्यांसमोर असूनही आमचं डोकं चाललं नाही. आई म्हणाली, दमा गेला तो काढ्याचा गुण. घरोघरी सुंठ-मिरी-तुळशीचा काढा चालला होता तेव्हा, आम्हीही पीत होतो. मला ते पटलं. बायकोला नाही पटलं. ती म्हणाली, "काढा बिढा काय न्हाई. मी नवस बोलले व्हते." कुलूप लागलं त्या पहिल्या भीतीच्या आठवड्यात, ज्याला श्वासाचा त्रास त्याला हा रोग सोडत नाही असं टीव्हीवर ऐकून, ती लेण्याद्रीच्या गणपतीला बोलली होती. माझा दम मला परत दे, मी तुझ्या सगळ्या पायऱ्या न थांबता, माझ्या पायानं चढून येईन. आणि दम परत आला होता! देवानं शब्द पाळला, आता आपण पाळायचा, एवढा सरळ हिशेब. तिनं पंप धुतला, पुसला आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिला.

"मला आत्ताच जायचंय," म्हणाली. मी म्हटलं, अगं देवळं बंद आहेत, पोलीस फटके टाकतायत. पण रोज तेच. उधारी ठेवू नये देवाची, म्हणायची. शेवटी एका सकाळी मी तिची दम्याच्या औषधाची चिठ्ठी खिशात घातली आणि मोटारसायकल काढली. नाक्यावर पोलिसानं चिठ्ठी वाचली, मागं बसलेल्या बायकोकडं बघितलं. ती ठणठणीत बसलेली. मी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं खोटंखोटं खोकली. पुढं गेल्यावर आम्ही दोघं इतकं हसलो, इतकं हसलो. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कुठला म्हणून कोणी विचारलं तर मी तो सांगेन, अजून.

तिच्या माहेरच्या वेशीवर बैलगाडी आडवी लावलेली आणि पुढं बाभळीच्या काट्या. राखणीला तिचाच सख्खा भाऊ, तोंडाला उपरणं बांधून. आम्हाला बघून तो पुढं आलाच नाही, लांबूनच हात जोडले. "ताई, राग नको मानू. फाट्याची माणसं न्हाई घ्यायची असं ठरलंय गावात."

"अरं, गावात न्हाई येत मी. पायऱ्यांपाशी जाऊ दे. वर चढून बंद दाराला हात जोडते, नवस फेडते."

"पायऱ्यांना गेट हाये, त्याला कुलूप हाये. वॉचमन बसलाय."

मी भडकलो. म्हटलं, "पावणं, बहिणीला ओळखता का न्हाई?" तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, देव कुठं पळून चाललाय का? रस्ता उघडला की या. मी सोता येतो संगं."

ती काट्यांच्या अलीकडं उभी राहून डोंगराकडं बघत होती. सकाळचं ऊन पडलं होतं, लेण्यांची एक एक कमान दिसत होती. तिनं दोन-तीन मोठे श्वास घेतले, छाती भरून. मला म्हणाली, "आत्ता चढले असते बघा." मी म्हटलं, चल, ऊन होतंय. एवढंच म्हटलं मी.

मग रस्ता उघडला. आणि मी काय केलं सांगू? मी नाचलो. पहिला ट्रक दुकानासमोर थांबून हॉर्न वाजला तेव्हा मी जेवत होतो, खरकट्या हातानं खाली पळालो. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्या, टायर बसलेले, चिरलेले. कामाला उसंत नाही. कॉम्प्रेसर सुरू केला आणि त्याचा आवाज ऐकून मला खरंच भरून आलं. वर बघितलं तर ती गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. मी हात हलवला. तिनं हलवला की नाही, आठवत नाही.

पावसाळ्यात तिचं बरं चाललं. पाऊस संपल्यावर खिडकीच्या चौकटीवर काळं दिसायला लागलं. दसऱ्याला ती नवव्या पायरीवर थांबली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पुढच्या आठवड्यात तिनं ट्रंक उघडली आणि साड्या बाजूला करून पंप काढला. ती म्हणाली, "देवाची उधारी राहिली म्हणून झालं ह्ये."

दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. आम्ही गेलो, मेव्हणाही शब्दाप्रमाणे बरोबर आला. खाली डोलीवाले होते. म्हणाले, मावशी, बसा की, अर्ध्या तासात वर. तिनं मान हलवली. "पायानं बोलले व्हते." चढायला लागली. मी मागं, मनात मोजत होतो. चाळीस. पन्नास. तिचा श्वास माझ्या कानात शिट्टीसारखा वाजत होता. बासष्टाव्या पायरीवर ती बसली. नवस मोडला. पंप ओढला, परत उठली, आणखी आठ-दहा चढली आणि परत बसली. लोक बाजूनं जात होते, पोरं टोप्या उडवत पळत होती. भावाला रडू आलं. मला राग आला. मला नेहमी रागच येतो. सगळ्यांसमोर मी तिच्यावर ओरडलो, "झेपत न्हाई तर बोलायचं कशाला असलं काय? डोली घे न्हाईतर चल खाली!"

ती वर बघत म्हणाली, "रस्ता बंद व्हता तवा चढले असते."

तेव्हा कळलं मला. त्या पायरीवर. काढा नाही, देव नाही, माहेर नाही, सासर नाही. रस्ता. माझा रस्ता, ज्याच्यावर माझं दुकान, माझी भाकरी. पंचवीस वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते कळायला मला एवढी सगळी दुनिया बंद पडावी लागली, आणि कळलं तेव्हा ती परत चालू झालेली.

मग तू काय केलंस, असं विचारा. काही नाही केलं. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. मेव्हणा म्हणाला, एक खोली देतो, इथं राहा. मी म्हटलं, बघू वर्षभरात. देवळाच्या पायथ्याला ट्रकचे टायर कोण खोलायला येणार? तिला एकटीला पाठवता आलं असतं. तेही बोललो एकदा. तर म्हणाली, "आन् तुमच्या जेवणाचं?" मी म्हटलं, ते पण खरंय. इतक्या सहज म्हटलं! एका माणसाच्या श्वासापुढं दुसऱ्याची भाजी-भाकरी, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोग परत उसळला. पहिल्यापेक्षा वाईट. फाट्यावर घराघरात माणसं पडत होती, आमच्या शेजारच्या हॉटेलवाल्याचा तरणाताठा भाऊ गेला. आणि माझी बायको संध्याकाळी टीव्हीसमोर बसून विचारायची, "बंद करतील का हो परत?" मी तिच्याकडं बघायचो नाही. कारण मीही तेच विचारत होतो मनात. लोकांची मरणं चालली होती आणि आम्ही नवरा-बायको वाट बघत होतो, कधी एकदा रस्ता बंद होतो. असलं कोणाला सांगता येत नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

बंद झालं, पण कसलं? माणसं बंद झाली, देवळं परत बंद झाली. ट्रक बंद झाले नाहीत. कांदा चालला होता, औषधं चालली होती, ऑक्सिजनचे टँकर सायरन वाजवत आमच्या खिडकीखालून धूळ उडवत जायचे आणि ती खिडकी लावून घ्यायची. मालाच्या गाड्यांसाठी टायरच्या दुकानांना सूट होती. सूट होती, सक्ती नव्हती. मला ठेवता आलं असतं बंद. निदान माझा कॉम्प्रेसर, निदान माझ्या दारातल्या गाड्या. नाही ठेवलं. म्हटलं, एका दुकानानं काय फरक पडतोय. तिनं त्या वर्षी गच्चीवर एकच कुरडई घातली, बघायला म्हणून. दोन दिवसांनी मी वर गेलो तर ती तिथंच होती, करडी.

पुढच्या हिवाळ्यात, भर दुपारी, दुकानासमोर एक ट्रक उभा होता. त्याचा स्टार्टर बिघडलेला, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं. मी चाकाखाली. वरून तिचा खोकला ऐकू आला, मग हाक. मी ओरडलो, "आलो गं, एवढे नट लावून!" आठ नट होते. आठही लावले, घट्ट केले, हात पुसले. वर गेलो तर ती नवव्या पायरीवर बसलेली, मला सांगायला खाली येत होती. पंप हातात, रिकामा. दवाखान्यात दोन दिवस होती. तिथं तिला नळीतून हवा दिली, स्वच्छ, पाहिजे तेवढी. नाही आली परत.

राहिलेला नवस घरच्या माणसानं फेडावा म्हणून वर्षाच्या आत मी लेण्याद्रीला गेलो. एकटा. सगळ्या पायऱ्या चढलो, एकदाही थांबलो नाही. जन्मभर धूर खाल्लेला, सुटलेल्या पोटाचा माणूस मी, पण मला काही झालं नाही. छातीत साधी कळसुद्धा नाही. वर गणपतीसमोर उभा राहिलो आणि देवाचा असा संताप आला की हात जोडायचे राहून गेले. बाहेर येऊन पूर्वेकडं बघितलं. फाटा कुठं असेल ते शोधत होतो, पण सगळीकडं चहाच्या रंगाचं धुरकट होतं.

आमची मुलगी मंचरला दिली आहे. तिचंही घर रस्त्यावर, खाली जावयाचं मोबाईलचं दुकान. यंदा चैत्रात तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, पोरीला दम लागतोय जरा. डॉक्टर म्हणतात हवा बदला. म्हटलं चार दिवस माहेरी येते, तिला बरं वाटंल." तिला माहेर म्हणजे मी आणि हा फाटा. मामाकडं जा म्हटलं तर म्हणाली, "आईशिवाय तिथं नको वाटतं." मी म्हटलं, ये.

त्या येणार म्हणून सकाळपासून ओल्या फडक्यानं खिडक्या पुसत होतो. तीनदा पुसल्या, तीनदा फडकं काळं. त्या आल्यावर डबा काढला. त्या वर्षीच्या पाच कुरडया तळाशी उरल्या होत्या, इतकी वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. तळल्या. तेलात अशा फुलल्या, पांढऱ्या, की नात टाळ्या पिटायला लागली. तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. तिनं एक मोडून तोंडात घातली, आणि खोकली. परत खोकली. मुलगी पिशवीत पंप शोधायला लागली.

खाली ट्रक थांबला. हॉर्न वाजला, एकदा, दोनदा.

"आलो!" मी ओरडलो. जिना उतरायला लागलो, आणि नवव्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं की वरूनही मला कोणीतरी हाक मारतंय.

हॉर्न परत वाजला. मी खाली गेलो.